वाचकांचे प्रश्न : बास्केटबॉल संघाची बांधणी आणि खेळाडूंचा मेळ

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे अमेरिकेतील एनबीए स्पर्धेच्या चाहत्यांची असून त्या सर्वांची काळजी जवळपास एकच आहे. त्यांतील पाच पत्रे निवडून त्यांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी फिनिक्स सन्स संघाचा जुना चाहता आहे. 2021 मध्ये आमचा संघ अंतिम मालिकेत मिलवॉकीकडून 4-2 असा हरला, तरी त्या संघाचा खेळ पाहताना समाधान वाटत असे. पुढे डेव्हिन बुकरच्या जोडीला केव्हिन ड्युरांट आणि ब्रॅडली बील आले आणि कागदावर संघ कितीतरी बलाढ्य झाला. प्रत्यक्षात 2024 मध्ये पहिल्याच फेरीत मिनेसोटाने आम्हाला 4-0 असे हरवले आणि 2024-25 च्या हंगामात 36 विजय व 46 पराभव अशी कामगिरी होऊन संघ प्लेऑफमध्येही, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांतही, पोहोचला नाही. तिघेही उत्तम खेळाडू असताना मेळ का बसला नाही? की ‘मेळ’ हे हरल्यानंतर शोधून काढलेले कारण आहे?

आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग आधी घेतो, कारण बाकीचे उत्तर त्यावर अवलंबून आहे. जिंकणारा संघ आनंदी दिसतो आणि हरणाऱ्या संघात कुरबुरी दिसतात, त्यामुळे यांपैकी कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ओळखणे अवघड जाते. आपली शंका त्या अर्थी रास्त आहे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमकी हीच गाठ सोडवण्याचा प्रयत्न होता. एनबीएच्या 2008-09 च्या हंगामातील सुरुवातीच्या सामन्यांत सहकारी खेळाडू एकमेकांना टाळी देणे, पाठ थोपटणे, मिठी मारणे अशा रीतीने किती स्पर्श करतात याची त्यांनी नोंद केली आणि अशा स्पर्शांचे प्रमाण ज्या संघांत अधिक होते, त्यांचा खेळ हंगामाच्या पुढच्या काळात अधिक चांगला झाल्याचे त्यांना आढळले. हंगामापूर्वीच्या अपेक्षा आणि सुरुवातीची कामगिरी हिशेबात धरल्यावरही हा संबंध टिकून राहिला. एका अभ्यासाने सर्व काही सिद्ध होत नाही, परंतु मेळ ही केवळ पराभवानंतर सुचलेली सबब नाही असे म्हणण्यास त्याचा आधार निश्चित आहे.

आता सन्सविषयी. संघाचा मेळ म्हणजे खेळाडूंची आपसातली गोडी, असे आपण सहसा समजतो. मला तो मुख्यतः कामाच्या वाटणीचा प्रश्न वाटतो. मैदानावर पाच खेळाडू असतात, चेंडू एकच असतो आणि प्रत्येक चढाईला 24 सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात कोणी चेंडू हाताळायचा, कोणी पडदा लावून सहकाऱ्याला वाट मोकळी करून द्यायची, कोणी कोपऱ्यात थांबून बचावपटूला लांब खेचायचे आणि फटका चुकल्यास कोणी मागे धावायचे, हे प्रत्येकाला ठाऊक असावे लागते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मान्य असावे लागते. ड्युरांट, बुकर आणि बील हे तिघेही चेंडू हातात घेऊन मध्यम अंतरावरून स्वतःचा फटका स्वतः तयार करणारे खेळाडू आहेत. एकजण आपले कौशल्य दाखवत असताना उरलेल्या दोघांचे कौशल्य त्या चढाईपुरते वाया जाते. त्यांच्या पहिल्या हंगामात तर संघाकडे रूढ अर्थाने पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू हाताळून चढाई आखणारा खेळाडू, नव्हताच, कारण 2021 च्या संघाची सूत्रे सांभाळणारा क्रिस पॉल हा बीलच्या मोबदल्यात निघून गेला होता. ड्युरांटसाठी मिकाल ब्रिजेस आणि कॅम जॉन्सन हे दोन गुणी फॉरवर्ड, जे क्राउडर हा आणखी एक खेळाडू आणि ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीतील चार हक्क मोजावे लागले. म्हणजे ज्या कामांसाठी नामांकित खेळाडू लागत नाही, परंतु मन लावून करणारा माणूस लागतो, ती कामे करणारेच संघाने देऊन टाकले. त्यात 2022-23 ते 2025-26 या चार हंगामांची सुरुवात चार वेगवेगळ्या मुख्य प्रशिक्षकांच्या हाताखाली झाली. दर वर्षी वाटणीच नव्याने होत असेल, तर ती अंगवळणी पडणार कधी?

याच्या उलट उदाहरण 2007-08 च्या बोस्टन सेल्टिक्सचे देता येईल. आदल्या हंगामात 24 विजय मिळवणाऱ्या त्या संघाने पॉल पियर्सच्या सोबतीला केव्हिन गार्नेट आणि रे ॲलन यांना आणले, 66 सामने जिंकले आणि विजेतेपदही मिळवले. तेथेही तीन मोठे खेळाडू एकत्र आले होते, पण त्यांचे खेळ एकमेकांवर कुरघोडी करणारे नव्हते. गार्नेट हा बचावाचा कणा होता, ॲलन चेंडूविना धावत राहून तयार पासवर फटका मारणारा होता आणि अडचणीच्या वेळी चेंडू घेऊन वाट काढण्याचे काम पियर्सचे होते. तरीही तिघांना झळ सोसावी लागलीच. ॲलनची प्रतिसामना गुणांची सरासरी 26.4 वरून 17.4 वर, पियर्सची 25.0 वरून 19.6 वर आणि गार्नेटची 22.4 वरून 18.8 वर आली. मला हे आकडे विजेतेपदाच्या चषकाइतकेच बोलके वाटतात.

मायामी हीटच्या क्रिस बॉशचे उदाहरण याहूनही ठळक आहे. टोरांटोमधल्या शेवटच्या हंगामात सरासरी 24 गुण करणारा हा खेळाडू लेब्रॉन जेम्स आणि ड्वेन वेड यांच्याबरोबर खेळायला आला आणि हळूहळू त्याचे काम पार बदलून गेले. सेंटरच्या, म्हणजे रिंगजवळच्या उंच खेळाडूच्या, जागी खेळणे, धिप्पाड खेळाडूंना रोखणे आणि बाहेर उभे राहून इतरांसाठी रिंगखालची जागा मोकळी करणे त्याच्या वाट्याला आले. 2013 च्या अंतिम मालिकेतील सहाव्या सामन्यात, शेवटच्या काही सेकंदांत, त्यानेच रिबाउंड, म्हणजे फटका चुकून परतलेला चेंडू, मिळवून रे ॲलनकडे पास दिला आणि ॲलनच्या तीन गुणांच्या फटक्याने हरत आलेला सामना बरोबरीत आला. सातव्या आणि निर्णायक सामन्यात बॉशने एकही गुण केला नाही, तरीही मायामीने सामना 95-88 असा जिंकून विजेतेपद राखले. आपल्या संघात तीन तारे आल्याची बातमी वाचाल, तेव्हा या तिघांतला बॉश कोण होणार, हा प्रश्न आधी विचारावा. सन्सच्या बाबतीत त्याचे उत्तर कोणाकडे नव्हते असे माझे मत आहे.

प्रश्न : ऑक्टोबर 2022 मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या सरावात ड्रेमंड ग्रीनने जॉर्डन पूलला ठोसा मारला आणि त्याची चित्रफीत सर्वत्र पसरली. आदल्याच हंगामात विजेता ठरलेला माझा संघ त्या वर्षी दुसऱ्या फेरीत बाहेर पडला आणि उन्हाळ्यात पूलला वॉशिंग्टनला पाठवण्यात आले. खेळाडूंची मैत्री नसेल तर संघ जिंकूच शकत नाही का?

जिंकू शकतो, आणि त्याचे उत्तम उदाहरण आपल्याच संघाच्या तेव्हाच्या प्रशिक्षकाकडे, स्टीव्ह कर यांच्याकडे, आहे. 1995 मध्ये शिकागो बुल्सच्या सरावात मायकेल जॉर्डनने तेव्हा सहकारी खेळाडू असलेल्या कर यांना ठोसा मारला होता. त्या हंगामात बुल्सने 72 सामने जिंकून विजेतेपद मिळवले, आणि 1997 च्या अंतिम मालिकेतील सहाव्या सामन्यात जॉर्डनने दुहेरी बचाव अंगावर घेऊन ज्याच्याकडे चेंडू दिला आणि ज्याच्या फटक्याने विजेतेपद निश्चित झाले, तो खेळाडू म्हणजे कर हेच होते. शकील ओनील आणि कोबी ब्रायंट यांचे संबंध तर वर्षानुवर्षे ताणलेले होते, तरीही लेकर्सने 2000, 2001 आणि 2002 अशी सलग तीन विजेतेपदे मिळवली.

मग वॉरियर्सचे काय बिनसले? जॉर्डन आणि कर यांच्या भांडणामागे जागेचा वाद नव्हता. संघात कोणाचे स्थान काय, हे दोघांनाही पक्के ठाऊक होते, आणि सहकारी आपल्यापुढे मान तुकवत नाही हे पाहून जॉर्डनचा त्याच्यावरचा विश्वास वाढलाच. ग्रीन आणि पूल यांच्या प्रसंगाची पार्श्वभूमी वेगळी होती. त्याच महिन्यात पूलला चार वर्षांचा मोठा नवा करार मिळाला, तर चार विजेतेपदांत सहभागी असलेल्या ग्रीनची मुदतवाढ झाली नव्हती. उद्याचा संघ कोणाचा, हा प्रश्न व्यवस्थापनाने उघडा ठेवला होता आणि रोज त्याच सराव मैदानावर दोघांनाही उतरायचे होते. अशा वेळी माफी मागून किंवा दंड भरून मूळ प्रश्न सुटत नाही. त्या हंगामात वॉरियर्सने घरच्या मैदानावर 33 सामने जिंकले, मात्र बाहेर केवळ 11 जिंकून 30 गमावले. अँड्र्यू विगिन्स बराच काळ संघाबाहेर होता हेही लक्षात घ्यायला हवे, त्यामुळे सगळा दोष त्या एका ठोशाला देणे बरोबर होणार नाही. तरी घरच्या प्रेक्षकांचा आधार नसताना संघाला एकमेकांचाच आधार उरतो, आणि तेथे हा संघ इतका उघडा पडावा, याचे चाहते म्हणून आपल्याला वाईट वाटणे साहजिक आहे.

ओनील आणि ब्रायंट यांच्याही कथेचा शेवट 2004 मध्ये असाच झाला. कार्ल मलोन आणि गॅरी पेटन यांना सोबत घेऊनही लेकर्सला डेट्रॉइटने अंतिम मालिकेत 4-1 असे हरवले आणि त्याच उन्हाळ्यात ओनील मायामीला गेला. जिंकत असताना वैर झाकून राहते, आणि कामाची वाटणी पक्की असेल तर ते बराच काळ झाकून राहते, एवढेच म्हणता येईल.

प्रश्न : नव्याने जमवलेल्या संघाला किती सामने द्यावेत? दहा-पंधरा पराभव होताच प्रशिक्षक बदलण्याची मागणी सुरू होते, ती मला अन्यायाची वाटते.

मलाही तसेच वाटते. जेम्स, वेड आणि बॉश यांच्या मायामीने 2010-11 च्या हंगामात पहिल्या 17 सामन्यांत 9 विजय व 8 पराभव पाहिले होते आणि त्याच वर्षी तो संघ अंतिम मालिकेत पोहोचला. 2014-15 मध्ये क्लीव्हलँडची स्थिती 39 सामन्यांनंतर 19 विजय व 20 पराभव अशी होती. जानेवारीत टिमोफी मोझगॉव्ह, जे. आर. स्मिथ आणि इमान शम्पर्ट यांना आणून उणिवा भरून काढल्यावर तोही अंतिम मालिकेपर्यंत गेला. साधारण अर्धा हंगाम थांबावे, असे मी म्हणेन. मात्र या काळात संघ एकत्र खेळला पाहिजे, ही अट आहे. ब्रुकलिनमध्ये ड्युरांट, कायरी अर्व्हिंग आणि जेम्स हार्डन हे तिघे नियमित हंगामाच्या फक्त 16 सामन्यांत एकत्र मैदानावर उतरले आणि वर्षभराच्या आसपास ती जुळणी मोडली, त्यामुळे त्यांचा मेळ बसला असता की नाही हे कोणालाच सांगता येणार नाही.

प्रश्न : माझा आवडता खेळाडू संघाने अचानक ट्रेड केला, म्हणजे अदलाबदलीत दुसऱ्या संघाला दिला. वर्षानुवर्षे निष्ठेने खेळलेल्या माणसाला असे पाठवल्यावर उरलेल्या खेळाडूंचा संघावर विश्वास कसा राहणार? व्यवस्थापनाला केवळ आकडे दिसतात का?

आपण संघाचे नाव लिहिलेले नाही, म्हणून मी ज्या ट्रेडमुळे चाहते सर्वाधिक दुखावले गेले अशांपैकी दोन उदाहरणे घेतो. पहिले टोरांटोचे. जुलै 2018 मध्ये तेव्हाचे संघप्रमुख मसाई उजिरी यांनी नऊ हंगाम संघासाठी खेळलेल्या डीमार डीरोझनला सॅन अँटोनिओला पाठवून कवाय लेनर्डला आणले. डीरोझन तेथे मनापासून रमलेला होता आणि संघाचा पॉइंट गार्ड काइल लाउरी त्याचा जिवलग मित्र होता. विश्वासाला तडा जाईल अशी भीती अनेकांनी तेव्हा व्यक्त केली, आणि ती पोकळ नव्हती. परंतु 2016, 2017 आणि 2018 अशी तीन वर्षे हा मनमिळाऊ संघ क्लीव्हलँडकडूनच हरून बाहेर पडत होता. 2019 मध्ये लेनर्डच्या बळावर टोरांटोने पहिले विजेतेपद जिंकले, आणि लेनर्ड लगेच निघून गेला. मला या व्यवहाराचे समर्थन करावेसे वाटते, कारण जो संघ मेळ असूनही एका उंबरठ्यावर तीनदा अडला, त्याची अडचण मेळाची नव्हती. डीरोझनला ज्या पद्धतीने हे कळले, त्याचे समर्थन मात्र मी करणार नाही. निर्णय कठोर असला तरी माणसाशी आधी मोकळेपणाने बोलता येते.

दुसरे उदाहरण मिलवॉकीचे. 2021 च्या विजेत्या संघातील जरू हॉलिडे याला सप्टेंबर 2023 मध्ये डेमियन लिलार्डसाठी सोडण्यात आले. गुण मिळवण्यात लिलार्ड निःसंशय सरस होता. पण हॉलिडे प्रतिस्पर्ध्यांच्या सर्वोत्तम गार्डला रोखत असे, आणि ते काम घेणारा दुसरा कोणी मिलवॉकीत उरला नाही. 2024 आणि 2025 अशी दोन्ही वर्षे संघ पहिल्याच फेरीत इंडियानाकडून हरला. संघाचा मुख्य खेळाडू यानिस अँटेटोकुम्पो 2024 च्या मालिकेत दुखापतीमुळे खेळू शकला नाही आणि 2025 मध्ये लिलार्डच्या टाचेची शीर तुटली, तेव्हा न्याय करताना दैवाचा वाटाही मोजायला हवा. तरीही पोर्टलंडमार्गे काही दिवसांतच बोस्टनला पोहोचलेल्या हॉलिडेने त्याच हंगामाच्या शेवटी, 2024 मध्ये, आपले दुसरे विजेतेपद मिळवले, याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

या दोन्हींत फरक असा, की टोरांटोने आपल्या संघात नसलेली गोष्ट आणली, तर मिलवॉकीने असलेली गोष्ट देऊन आधीच भरपूर असलेली आणखी घेतली. ट्रेडची बातमी आल्यावर कोण मोठा खेळाडू आणि कोण लहान, याचा हिशेब मांडण्यापेक्षा कोणते काम आता कोणीच करणार नाही, हे पाहिलेत तर आपला राग योग्य ठिकाणी आहे का, हे आपल्याला अधिक नेमके कळेल. लेकर्सने 2021 मध्ये रसेल वेस्टब्रुकसाठी काइल कुझ्मा आणि केंटेव्हियस कॉल्डवेल-पोप यांना सोडले आणि त्याच उन्हाळ्यात ॲलेक्स करुसोही निघून गेला. 2020 चा तो विजेता संघ 2021-22 मध्ये 33 विजयांवर थांबला. पुढे कॉल्डवेल-पोपने 2023 मध्ये डेन्व्हरबरोबर आणि करुसोने 2025 मध्ये ओक्लाहोमा सिटीबरोबर पुन्हा विजेतेपद मिळवले. अशा खेळाडूंची किंमत संघाला बहुधा ते गेल्यावरच समजते, आणि चाहत्यांना पुष्कळदा ती आधी समजलेली असते.

प्रश्न : डेन्व्हर 2023 मध्ये विजेता झाला तेव्हा हा संघ अनेक वर्षे टिकेल असे वाटले होते. पण ब्रूस ब्राउन लगेच गेला आणि वर्षभराने कॉल्डवेल-पोपही गेला. इतका सुरेख जमलेला संघ मालकांनी पैशांसाठी मोडावा का?

कॉल्डवेल-पोपबाबत आपली तक्रार मला बरीचशी पटते. ब्राउनच्या बाबतीत मात्र दोष नियमांचा आहे. एनबीएमध्ये संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा असते. ती ओलांडून स्वतःच्याच खेळाडूला पूर्ण मोबदला देण्याची मुभा संघाला साधारणपणे तो खेळाडू सलग तीन हंगाम करारावर राहिल्यावर मिळते आणि तिला जुना खेळाडू लॅरी बर्ड याच्या नावाने ओळखले जाते. ब्राउन डेन्व्हरमध्ये एकच हंगाम होता. त्यामुळे डेन्व्हर त्याला वर्षाला सुमारे 78 लाख डॉलरच देऊ शकत होता, तर इंडियानाने दोन वर्षांसाठी 4 कोटी 50 लाख डॉलर देऊ केले. कोणताही मालक येथे काही करू शकला नसता.

2023 मध्ये लीग आणि खेळाडू संघटना यांच्यात झालेल्या नव्या सामूहिक कराराने ही अडचण आणखी वाढवली आहे. वेतनमर्यादेच्या वर आणखी दोन रेषा आखल्या असून त्यांतल्या वरच्या रेषेला ‘सेकंड ॲप्रन’ म्हणतात. 2024-25 मध्ये वेतनमर्यादा सुमारे 14 कोटी 6 लाख डॉलर होती आणि ही रेषा सुमारे 18 कोटी 89 लाख डॉलरवर होती. ती ओलांडणाऱ्या संघाला दोन-तीन खेळाडूंचे वेतन एकत्र करून एक महागडा खेळाडू घेता येत नाही, ट्रेडमध्ये रोख रक्कम देता येत नाही आणि सात वर्षांनंतरच्या पहिल्या फेरीतील ड्राफ्टचा हक्कही ट्रेड करता येत नाही. श्रीमंत मालकाला पूर्वी जादा खर्चाबद्दल मुख्यतः कर भरावा लागे. आता संघ सुधारण्याची साधनेच काढून घेतली जातात. त्यामुळेच 2024 च्या विजेत्या बोस्टनने, आघाडीचा खेळाडू जेसन टेटम जायबंदी झाल्यानंतर, 2025 च्या उन्हाळ्यात हॉलिडे आणि क्रिस्टाप्स पोर्झिंगिस या दोघांनाही सोडले. 2019 ते 2025 या सात वर्षांत सात वेगवेगळे संघ विजेते झाले आहेत. नियम करणाऱ्यांना ही समता हवी आहे. मला मात्र जमलेला संघ चार-पाच वर्षे एकत्र पाहण्याचा चाहत्यांचा आनंद त्यात हरवतो असे वाटते.

या नियमांत राहून संघ कसा बांधावा, याचा आजचा सर्वात चांगला नमुना ओक्लाहोमा सिटीचा आहे. 2019 मध्ये पॉल जॉर्जला क्लिपर्सकडे पाठवताना त्यांनी शे गिल्जस-अलेक्झांडर आणि ड्राफ्टचे अनेक हक्क मिळवले; त्यांतल्याच एका हक्कातून 2022 मध्ये जेलन विल्यम्स आला. 2024 मध्ये डॅलसने प्लेऑफमध्ये जॉश गिडीला बाहेर मोकळे सोडून संघाची कोंडी केली, तेव्हा 2021 च्या ड्राफ्टमध्ये सहाव्या क्रमांकावर निवडलेला हा तरुण खेळाडू देऊन त्यांनी तिशीतला करुसो घेतला. कागदावर हा व्यवहार तोट्याचा दिसत होता. वर्षभराने डेन्व्हरविरुद्धच्या सातव्या सामन्यात त्या संघाचा सेंटर निकोला योकिच याच्यासमोर, उंचीने बराच कमी असूनही, करुसोच उभा होता, आणि तो सामना जिंकून संघ पुढे विजेता झाला. आता गिल्जस-अलेक्झांडर, विल्यम्स आणि चेट होल्मग्रेन या तिघांचेही मोठे करार झालेले आहेत. विल्यम्स आणि होल्मग्रेन यांचे नवे वेतन 2026-27 पासून आणि गिल्जस-अलेक्झांडरचे 2027-28 पासून लागू होते. डेन्व्हरसमोर आलेला प्रसंग या संघासमोर येईल तो तेव्हा, आणि त्या वेळी तिघांना राखून राखीव फळीतले कोणाला जाऊ देतात, यावरून त्यांना आपल्या विजयाचे कारण कितपत समजले होते हे ठरवता येईल.